बंद खोलीतला गारवा

हसा, हसा. पण फोल्कमार थापा मारणाऱ्यांतला नव्हता. जर्मनीतल्या आमच्या येना गावच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, म्हणून सांगतो.

नोव्हेंबर होता. मृतांचा रविवार. सगळं गाव दफनभूमीत दिवे लावून आलेलं. बायको, रोझविता, गेल्यावरचं पहिलंच वर्ष, तरी फोल्कमार तिच्या थडग्यावर गेला नाही. सूक्ष्मदर्शकासाठी दोन लेझर आले होते. कुठल्याचा प्रकाश स्थिर राहतो, ते सोमवारी सकाळी सांगायचं होतं. प्रकाश जरा डळमळला, की पेशींच्या चित्रावर पट्टे उमटतात आणि नसलेला रोग दिसतो.

दोन्ही लेझर बंद खोलीत रात्रभर चालू ठेवायचे. आत कुणी जायचं नाही. माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा बाधते, बाहेरच्या पडद्यावर दोन्ही लेझरचा प्रकाश दाखवणाऱ्या रेषा वर चढतात. हा नियम रोझविताचाच. हयातभर ती खोली तिनंच सांभाळलेली.

फोल्कमारनं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बाहेर पडद्यासमोर पाव खात बसला. एकटाच. घरी तरी कोण होतं बिचाऱ्याचं?

दोन वाजता मला त्याचा फोन.

"गुंटर, दोन्ही रेषा उतरतायत."

"एकदम? हीटर बंद पडला असेल, बघ."

"हीटर ठीक आहे. कुणी आत गेलं की रेषा चढतात रे... या उतरतायत."

माझी झोप उडाली. "मग उघड की दार, शहाण्या!"

"उघडलं तर रात्र वाया. ती रागावेल."

"कोण?"

पलीकडे त्यानं खुर्ची सरकवल्याचा आवाज.

"फोल्कमार?"

"दाराला गाल लावून बसलोय... दार गार पडत चाललंय, गुंटर."

फोन बंद झाला.

मी उजाडता उजाडता पोचलो. तो तसाच बसलेला, दाराला टेकून. डोळे सुजलेले. रात्रभर उघडलं नव्हतं त्यानं. मोजमाप पुरं झालं होतं.

"आता उघडू?" त्यानं मलाच विचारलं. मी मान डोलावली.

कुलूप काढलं. आत कुणी नाही. दोन्ही लेझर चालू. खोली चांगली उबदार.

दाराच्या आतल्या बाजूला, तो गाल टेकून बसला होता अगदी त्याच उंचीवर, एका तळहाताचा ठसा होता.

बर्फाचा.