चार बोटं खाली

सागाच्या त्या लागवडीत दर पाच वर्षांनी झाडांचा घेर मोजायचा. त्यावरून झाडांनी किती कार्बन साठवला ते काढता येई. टेपकाकूंची ही सहावी मोजणी, निवृत्तीपूर्वीची शेवटची. झाडं त्यांनीच लावलेली. सहा ओळी, ओळीत दहा, दोन झाडांत चार पावलं.

घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, म्हणून खोडावर पांढरा पट्टा ओढतात. पहिले पट्टे काकूंच्या धाकट्या बहिणीने ओढले. ती बुटकी. स्वतःच्या छातीशी ब्रश धरून साठही झाडं रंगवून मोकळी झाली. सगळे पट्टे चार बोटं खाली.

"झाडं वाढली की जातील गं वर," असंही म्हणाली होती. काकू पोट धरून हसल्या होत्या.

दुसऱ्या मोजणीला, भर दुपारी, काकूंनी तिला विसरलेला टेप आणायला परत आत पाठवलं. टेप शेवटच्या ओळीच्या टोकाशी सापडला. ती सापडली नाही. पुढे काकूंनी सगळे पट्टे खरवडून योग्य उंचीवर ओढले.

"काकू, एकसष्ट भरतायत," या सहाव्या मोजणीला सोबत आलेला करवतवाला झाडं मोजून म्हणाला.

"साठ आहेत."

"मग तुम्हीच मोजा."

शेवटच्या ओळीत अकरा होती. अकरावंही चार पावलांवर, तेवढंच उंच. फक्त नंबराचा पत्रा नव्हता.

एक झाड तोडून, वाळवून त्याचं वजन करायचं होतं. करवतवाल्याने त्याच खोडावर थाप मारली. "हेच घेऊ. नोंदीत नाही, कोण रडणार याच्यासाठी?"

"थांब. आधी घेर घेऊ दे."

टेप गुंडाळला. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. लिहीपर्यंत साडेचौऱ्याऐंशी. परत चौऱ्याऐंशी. टेपवरची बोटं खोडाबरोबर सावकाश बाहेर येत होती, आत जात होती.

"वारा सुटलाय का रे?"

"पान हलत नाहीये."

काकूंनी खोडावर पट्टा शोधला. होता. चार बोटं खाली.

त्यांनी त्यावर हात ठेवला. बराच वेळ.

"करवत गाडीत ठेव."

"मग वजन कशाचं करायचं?"

"पहिल्या ओळीतलं कुठलंही घे. हे नाही."

तो पुटपुटत करवत उचलायला वाकला, आणि त्याची नजर त्यांच्या हाताकडे गेली.

"काकू, हा ओला रंग कुठला? डबा तर आपण आणलाच नाही."

काकूंनी मूठ मिटली.