दोन बोटं उताराची

आंबेखिंडीच्या आगारात आता गिअरबॉक्समधली मापाची पट्टी काढून तेल बघायची गरज कुणाला उरली नव्हती. गाडी स्वतःच सांगायची. गिअरबॉक्सच्या कुशीत बसवलेला, आगपेटीएवढा समताप मापक तेलाची उंची आणि तेलाची उष्णता दोन्ही मोजे आणि तेल थंड असतं तर पातळी किती भरली असती, तो आकडा चालकापुढच्या पडद्यावर टाके. तेल तापलं की फुगतं, निवलं की बसतं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. नेमकं किती फुगतं, एवढ्यावरूनच आजवर मेकॅनिक लोकांची भांडणं होत आली होती, आणि ती या यंत्राने मिटवली होती.

यंत्र बनवणारी अनघा तोरसकर त्या दुपारी तीन वर्षांनी आगारात आली. वर्ध्याच्या पलीकडल्या एका आगाराची बस चार दिवसांपूर्वी भर रस्त्यात पेटली होती. प्रवाशांनी काचा फोडून उड्या मारल्या, ते वाचले. चालक मात्र शेवटच्या माणसाला उतरवायला थांबला आणि तिथेच गेला. जळक्या गिअरबॉक्सची तपासणी झाली, तेव्हा त्यात तेल दीड लिटर जास्त भरल्याचं निघालं. जादा तेल फिरत्या चाकांत घुसळून फेसाळतं आणि दूध उतू जावं तसं वरच्या नळीतून बाहेर येतं. खाली धुराचा धगधगता एक्झॉस्ट पाइप असला की पुढचं सांगायला नको.

यंत्राची नोंद सांगत होती की तेल अगदी बरोबर भरलं होतं. म्हणजे मोजून झाल्यावर कुणीतरी वरून ओतलं. गाडीला शेवटचा हात लागला होता मेकॅनिक शेवंता मडावीचा. ती एकच वाक्य धरून बसली होती, यंत्रानं सांगितलं तेवढंच भरलं. पोलिसांनी अनघाचं मत विचारलं. अनघाने लिहून दिलं, ‘यंत्रात चूक संभवत नाही.’ खाली सही केली. शेवंता कोठडीत गेली.

आता कोर्टाला यंत्राच्या जन्माचे मूळ आकडे हवे होते आणि ते ज्याने दिले त्याची सही. तो माणूस म्हणजे गैबी मुल्लाणी, आगारातले सगळ्यात जुने मेकॅनिक, सगळ्यांचे चाचा. पट्टी बघून ते जे सांगत ते खरं, असं अख्खा विभाग मानायचा. म्हणून तर अनघाने यंत्राला त्यांच्याच हाताखाली शिकायला बसवलं होतं. तीन वर्षांपूर्वी पावसाळाभर चाचा पट्टी काढून खरी पातळी सांगत आणि यंत्र आपलं मोजमाप त्याच्याशी ताडून बघे. उष्णतेपायी किती वजा करायचं, हे ते असं हजारो आकड्यांवरून आपलं आपण शिकलं. चाचांच्या मानाखातर तिने यंत्राचं मापही ‘बोट’च ठेवलं होतं. एक बोट म्हणजे अर्धा लिटर.

चाचांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि कागद परत दिला.

“सही करतो. पर आधी तू सोताच्या हातानं एक गाडी मोज.”

“चाचा, तुमचे तीन हजार आकडे माझ्याकडे आहेत.”

“आकडं हायती. पट्टी कवा धरलीस?”

कधीच धरली नव्हती. अनघाला ते लागलं, पण म्हातारा हट्टाला पेटला होता. नुकतीच घाट चढून आलेली एक बस अंगणात उभी होती. चाचांनी बोनेटखालची पट्टी दाखवली. अनघाने ती ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. हात पोळला. तेल नऊ बोटांवर होतं.

“नऊ,” ती म्हणाली.

“म्हंजे खरं सहा,” चाचा म्हणाले.

अनघाने चालकापुढचा पडदा बघितला. यंत्रही सहाच सांगत होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

“बघा चाचा! तुमचं आणि यंत्राचं एक बोटसुद्धा इकडचं तिकडे नाही. आता करा सही.”

चाचांनी पेन हातात घेतलं. सही होत असताना, निव्वळ कौतुकाने, तिने विचारलं, “उष्णतेची तीन बोटं तुम्ही नुसत्या नजरेनं कशी ओळखता हो?”

“तीन कुठली? गरमीचं येक बोट.” चाचा मान वर न करता म्हणाले. “दोन उताराची.”

“कसल्या उताराची?”

आता चाचांनी मान वर केली. ही मस्करी करतेय की काय, असं त्यांना वाटलं असावं.

“ह्या अंगणाच्या. गाडी नाक खाली करून हुबी हाय, तेल सगळं म्होरं आलंय. पट्टी म्होरंच हाय. दोन बोटं जास्त दावणारच की.”

अनघाने पहिल्यांदाच अंगणाकडे नीट पाहिलं. उतार चटकन नजरेत भरणारा नव्हता, पण गाडी आपसूक घरंगळावी इतका नक्की होता. परतलेली गाडी इथे नाक खाली करून लावायची, हा आंबेखिंडीचा पिढीजात रिवाज. जुन्या काळी सकाळी बॅटरी बसलेली असली तरी ब्रेक सोडला की गाडी उतारावर पळत चालू व्हायची. नव्या गाड्या ढकलून चालू होतच नाहीत. तरी लावतात तशाच, कारण बाप लावायचा म्हणून लेक लावतो.

“आणि सकाळी? सकाळी मोजायचात तेव्हा?”

“सकाळी गार गाडी शेडात धुवाया घेतो. तितं फरशी सपाट. तवा काय वजा करायचं न्हाई.”

अनघाने पडद्यावरचा सहाचा आकडा पुन्हा बघितला.

गरम गाडी नेहमी उतारावर. थंड गाडी नेहमी सपाटीवर. यंत्राला उष्णता कळत होती, उतार कळत नव्हता. चाचा तीन बोटं वजा करून सांगत, आणि यंत्राने तिन्ही बोटं उष्णतेच्या नावावर टाकली. आंबेखिंडीत ते कधीच चुकलं नसतं. चाचणी तरी कुठे घेतली होती? इथेच, याच अंगणात! पण गेल्या तीन महिन्यांत ते राज्यभर बसलं होतं. सपाट अंगणांत, भर दुपारी, तापलेल्या गाड्यांत. तिथे ते दोन बोटं फुकट वजा करत होतं, विदर्भाच्या उन्हात तेल आणखी तापतं म्हणून तीनसुद्धा. भरलेल्या गिअरबॉक्सला अपुरा म्हणत होतं, आणि माणसं त्याच्यावर विश्वास ठेवून तेल ओतत होती. तीन बोटं म्हणजे दीड लिटर.

“चाचा, हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू इचारलंस, खरं त्याल किती? म्या खरं सांगितलं. उतार काय सांगायची गोष्ट हाय? हितं हुबं ऱ्हायलं की पायालाच कळतंय.”

ती इथे उभी राहिलीच नव्हती. पावसाळाभर ती वरच्या कचेरीत, खिडकीपाशी कोरडी बसून होती. खाली पावसात भिजत चाचा आकडे ओरडत आणि ती वर टिपून घेई. उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या तिने. आणि त्याच आकड्यांच्या जोरावर, जिने पट्टी हातात धरून काम केलं त्या बाईला तिने तुरुंगात बसवलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

तिने पोलीस ठाण्याला फोन लावला. अधिकाऱ्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. आपलं मत आपण मागे घेतो, लेखी पाठवतो, चूक यंत्राची आहे, खरं तर आपली आहे. “त्यांच्याशी बोलू द्या,” ती म्हणाली. “मला त्यांची माफी मागायची आहे.” बऱ्याच वेळाने पलीकडून दबका, थकलेला आवाज आला.

“शेवंताताई, मी अनघा तोरसकर. तुम्ही खरं बोलत होतात. यंत्र चुकीचं सांगत होतं. मी आजच्या आज तुम्हाला बाहेर—”

“मले ठाऊक होतं जी,” शेवंता म्हणाली. “माह्या पट्टीवर तेल भरेल दिसे. पण यंत्र भरा म्हणे, आन् भरल्याबिगर गाडी चालूच नाही होत.”

गाडी अडवून धरायची ती सोयही अनघानेच केली होती, मेकॅनिकने कामचुकारपणा करू नये म्हणून.

“मला माफ करा,” ती म्हणाली. “सगळ्यात आधी तुम्हाला फोन केला.”

शेवंताचा आवाज एकदम चढला.

“मले आधी? माह्यं जाऊ द्या ना बाई! दुपार झाली, ह्या टायमाले सगळ्या डेपोत गाड्या तेल मागत असन. त्या कोणी थांबवल्या काय?”