कुत्र्यांसाठी रकाना नाही

"याला मोजलंत का?"

ती दचकली. फुटपाथवरच्या घडीच्या खुर्चीत बसून ती सकाळपासून हातातल्या मोजणीयंत्राचं बटण दाबत होती. कोणी पलीकडून रस्ता ओलांडून आलं की एकदा दाबायचं, कोणी इकडून गेलं की एकदा दाबायचं. काम इतकं सोपं की डुलकी लागावी. आणि आता समोर एक उंच तरुण उभा होता. केस विस्कटलेले, शर्टाला जागोजागी पांढरी लव चिकटलेली, आणि हातातल्या पट्ट्याच्या टोकाला धापा टाकणारा एक जाडजूड कुत्रा.

"तुम्हाला मोजलं," ती म्हणाली.

"माझं सोडा हो. हा ढब्बू विचारतोय."

"कुत्र्यांसाठी रकाना नाही."

"अरेरे..." तो वाकून ढब्बूच्या कानात म्हणाला, "सरकारदरबारी तुझी दखल नाही, बाबा." ढब्बूनं भलीमोठी जांभई दिली. तिनं हसू ओठांत दाबायचा प्रयत्न केला, पण त्यानं ते पाहिलं होतं.

पलीकडे जनावरांचा दवाखाना होता, आणि हा तिथला डॉक्टर. ती वाहतूक विभागात नुकतीच लागलेली नियोजनकार, आणि हा रस्ता म्हणजे तिचं पहिलंवहिलं स्वतंत्र काम. रस्ता रुंद, गाड्या भरधाव, आणि ओलांडायला साधे पांढरे पट्टेही नाहीत. इथे सिग्नल बसवायचा तर आधी सिद्ध करा की पुरेशी माणसं रस्ता ओलांडतात, असा नियम होता. आठवडाभराच्या मोजणीत किमान आकडा गाठला तर तिचा प्रस्ताव पुढे सरकणार, नाहीतर फायलीत घोरत पडणार. तिचे साहेब तर असे, की नियमापुढे सख्ख्या भावाचंही ऐकायचे नाहीत.

दुपारी डॉक्टर पुन्हा आला, या वेळी लांब कानांचं एक भित्रं कुत्रं घेऊन.

"एवढा रस्ता ओलांडून आणता यांना?" तिनं विचारलं.

"फिरणं हवंच ना. डॉक्टरचा सल्ला आहे."

"कोणत्या डॉक्टरचा?"

"फार हुशार आहे. दिसायलाही बरा आहे, म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आत्या," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

मग हे रोजचंच झालं. सकाळी ढब्बू, दुपारी आणखी कोणी, संध्याकाळी पुन्हा ढब्बू. एकदा तर तो टोपलीत मांजर घेऊन आला. "मांजरालाही फिरवतात?" तिनं डोळे मोठे करून विचारलं. "हवापालट," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच थापेवर कानापर्यंत लाल झाला. आठवडा संपत आला, तसं तिला वाटू लागलं की नियम करणाऱ्यांनी मोजणीचा काळ जरा कमीच धरलाय.

शेवटच्या संध्याकाळी आकडा किमान मर्यादेच्या वर गेला. केसभरच, पण गेला! ही बातमी सगळ्यात आधी कोणाला सांगायची, हे तिच्या पायांनी तिच्याआधीच ठरवलं होतं. गाड्यांमधली फट साधून ती पळतच पलीकडे गेली आणि दवाखान्यात शिरली.

टेबलामागे डॉक्टरची आत्या बसली होती. दवाखान्याचा कारभार तिच्याच हाती.

"डॉक्टर कुत्र्यांना घेऊन बाहेर गेलेत का?"

"मागच्या मैदानात असेल बघ."

"मागे... मैदान आहे?"

"म्हणजे काय! रोज तिथेच फिरवतो. या आठवड्यात काय झालं कोण जाणे, कुत्र्यांना म्हणे पलीकडची हवा मानवते!" आत्यानं चष्म्यावरून तिला आपादमस्तक न्याहाळलं. "ती हवा आज आपणहून इकडे आलेली दिसते."

तिच्या गालांवर ऊन चढलं. मग एकदम तोंडचं पाणी पळालं. त्याच्या त्या सगळ्या फेऱ्या... तिनं त्या मोजल्या होत्या. त्या वजा केल्या तर आकडा मर्यादेच्या खाली येत होता.

मागच्या दारातून तो आत आला, आणि तिला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"तुम्ही रस्ता कशासाठी ओलांडत होता?" तिनं विचारलं.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"तुम्हाला भेटायला."

हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून ती किती दिवस कानात प्राण आणून बसली होती! आणि ते आलं ते असं, अवेळी. तिला आनंदही झाला आणि रडूही आलं.

"मग माझा आकडा खोटा आहे."

"खोटा कसा? जीव मुठीत धरून चाललोय मी प्रत्येक वेळी!"

"मी तिथे बसले नसते, तर चालला असतात?"

त्यानं मान खाली घातली. ढब्बूही जमिनीकडे बघू लागला.

"म्हणजे सिग्नल नाही?" आत्यानं हळूच विचारलं. ती खिडकीबाहेर, समोरच्या पिवळ्या घराकडे पाहत होती. "तिथे माझी मैत्रीण राहते. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. गुडघे गेले आणि माझं पलीकडे जाणं सुटलं. आता खिडकीतून हात हलवतो एकमेकींना... असू दे. खोट्यावर उभा केलेला सिग्नल मलाही नको."

ती तशीच निघाली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रादेशिक वाहतूक अभियंते आणि नियोजनकारांच्या मंडळाची मासिक बैठक होती. गावोगावचे लोक आपापल्या बातम्या सांगत होते. कोणी बसथांब्याला छप्पर घातलं होतं, कोणाच्या नव्या गोल चौकात चालक बाहेर पडायचा रस्ता न सापडून घिरट्या घालत होते. आकडा गाठला जाणारच असं धरून मंडळाच्या वार्तापत्रात तिच्या सिग्नलची बातमी आधीच छापून आली होती. साहेब मिशीत हसत होते. नुसतं खाली मान घालून टाळ्या घ्यायच्या होत्या.

ती उठली. "माझ्या मोजणीत चूक आहे. एकाच माणसाच्या खूप फेऱ्या त्यात आल्यात. त्या धरायला नकोत, आणि त्या काढल्या तर आकडा कमी पडतो."

साहेबांचं हसू मावळलं.

"एकच माणूस?" एका टकलू अभियंत्यानं विचारलं. "कशासाठी इतकी ये-जा करत होता?"

ती घुटमळली. "...हवापालट."

सभागृहात खसखस पिकली. तरी ती बसली नाही. "पण एक आत्याही आहेत तिथे. समोर मैत्रीण राहते आणि त्या एकदाही माझ्या मोजणीत नाहीत, कारण त्यांना रस्त्याची भीती वाटते. घाबरून घरी बसलेल्यांना आपण मोजतच नाही. मला आठवडाभर तात्पुरते पट्टे आखू द्या, गाड्या थांबवायला दोन माणसं द्या. मग पुन्हा मोजते."

"नियमात बसतं का हे?" साहेब गुरगुरले.

"बसत नसेल तर बसवा," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "मुलगी खरं बोलतेय."

संध्याकाळी तिनं डॉक्टरला फोन केला. "एक अट आहे. तुम्ही रस्ता ओलांडायचा नाही. सिग्नल लागेपर्यंत."

"आणि समजा, लागलाच नाही तर?"

"उद्या पट्टे आखायला येतेय," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

मग सुरू झाली ती गंमतच होती. इकडे ही खुर्चीत, तिकडे तो दवाखान्याच्या पायरीवर, मधून गाड्या. तो ढब्बूचा पंजा धरून हलवायचा, ती यंत्र उंचावून दाखवायची. एका दुपारी अचानक सर आली. ती भिजू लागली, आणि तो छत्री घेऊन थेट पट्ट्यांपर्यंत धावला... आणि तिथेच थबकला. एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. मग वळून त्यानं हाक मारली, "आत्या!"

आत्या आली. रस्त्यावरच्या माणसांनी हात केले, गाड्या थांबल्या. पावसात, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन, ती पट्ट्यांवरून सावकाश चालत आली.

"आत्या, नुसती छत्री द्यायला आल्या असाल तर मोजता येणार नाही हं."

"छत्री कसली? ती आपली जाता जाता देतेय, धर." आत्यानं पिवळ्या घराकडे बोट केलं. दारात एक म्हातारी पदरानं डोळे पुसत उभी होती. "मी तिच्याकडे चाललेय. मोज!"

तिनं बटण दाबलं, आणि तिचेही डोळे भरून आले. त्या आठवड्यात कोण कोण बाहेर पडलं! काठ्या आल्या, बाळांच्या ढकलगाड्या आल्या, कडेवरची पोरं आली. डॉक्टरच्या एकाही पावलाशिवाय आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला.

सिग्नल सुरू झाला त्या सकाळी पहिली मोजणी स्वतः करायचा हट्ट साहेबांनी धरला. घडीच्या खुर्चीत ते मावत नव्हते, तरी बसले. ती कडेला उभी राहिली. पलीकडे तो उभा होता, केस पहिल्यांदाच विंचरलेले, शेजारी ढब्बू. दिवा लाल होता. इतका वेळ का लावतो हा मेला, असं तिला वाटलं, आणि मग आठवलं की तो वेळ तिनंच ठरवला होता.

हिरवा झाला. दोघंही निघाले, आणि नेमके मधोमध समोरासमोर आले.

"आज कशासाठी ओलांडतोय, विचार ना."

"कशासाठी?" तिनं विचारलं. त्याचं असं एकेरीवर येणं तिला फार गोड लागलं.

"तुझ्यासाठीच. पण आता चोरून नाही. आवडतेस तू मला... फार. लग्न करशील माझ्याशी?"

"अरे, दिवा लुकलुकायला लागला!"

"मग लवकर बोल!"

"हो! हो म्हणतेय ना! चल आधी..." तिनं त्याचा हात धरला आणि दोघं हसत, ढब्बूला ओढत, साहेबांच्या बाजूला येऊन पोहोचले.

साहेबांनी चष्मा सारखा केला. "यांना धरायचं का गं? की पुन्हा हवापालट?"

"धरा साहेब. आता खरं काम आहे त्यांचं."

"हं. आणि हा?" ढब्बू खुर्चीशी बसून साहेबांकडे आशेनं पाहत होता.

"कुत्र्यांसाठी रकाना नाही, साहेब."

"ते मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. त्यांनी कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि बटण तीनदा दाबलं.