टिक-टुक वाजणारं चाक

“छत्तीस!” उलट्या ठेवलेल्या सायकलीशेजारी पालथा पडून कॉलिन ओरडला.

“परत मोज!” हेझल म्हणाली.

“तीनदा मोजले! छत्तीस म्हणजे छत्तीसच!”

कॉलिनला काहीही मोजायची खोड होती. जेवताना ताटातले वाटाणे मोजायचा आणि आईच्या शिव्या खायचा. त्यामुळे दहा वर्षांच्या या भावाच्या आकड्यावर हेझलचा पक्का विश्वास होता.

आयव्हीआजीच्या सायकलीला पुढच्या चाकात बत्तीस आणि मागच्या चाकात चाळीस स्पोक होते. नॉटिंगहॅमच्या त्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण अर्धी गल्ली सायकलीच्या कारखान्यात राबलेली! मागच्या चाकाची रिम गंजली म्हणून आजीने सायकल कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात दिली होती. काल ती परत आली, आणि एक चक्कर मारूनच आजी खाली उतरली.

“हे माझं चाक नाही,” ती म्हणाली. “याचा आवाज वेगळा आहे.”

दुकानदार मिस्टर प्रेंटिस हसले. “रिम नवी आहे ना बाई, म्हणून वाटतं तसं. मधला हब तुमचाच!” आणि रेमंडमामा फोनवर हेझलच्या आईला म्हणाला, “आता चाकंसुद्धा ओळखू येईनात तिला! मी रविवारी येतो. ती सायकल विकून टाकू आणि तिला माझ्याकडे लिंकनला नेऊ. एकटीने राहायचे दिवस संपले तिचे.”

फोनवर त्याचा आवाज इतका मोठा की आजीने ते दारातूनही ऐकलं. ती नुसती खुर्चीत बसून राहिली. जी आजी एरवी कोणाचा एक शब्द खाली पडू द्यायची नाही, ती गप्प बसलेली पाहून हेझलला रडूच कोसळलं.

“म्हणजे आजीचंच खरं!” हेझल उसळून म्हणाली. “चाळीस भोकांच्या हबमध्ये छत्तीस स्पोक बसतील का? हबच बदललाय त्याने!”

“आणि तो साधासुधा हब नव्हता,” कुंपणावर बसलेला शेजारचा डेलरॉय म्हणाला. तो तेरा वर्षांचा होता, आणि त्याच्या नखांत कायम ग्रीस असायचं. “तो लग्नाचा हब होता!”

आजीची ती गोष्ट तिघांनाही पाठ होती. हब म्हणजे चाकाच्या मधला लोखंडी डबा, आणि या हबच्या आत तीन गिअर लपलेले असतात. आजी तरुणपणी कारखान्यात तेच गिअर जुळवायची. तिच्या बाकावरच्या मुलीचं लग्न ठरलं की मैत्रिणी मिळून तिच्यासाठी एक हब जुळवायच्या आणि मुकादमाची नजर चुकवून डब्याच्या आतल्या बाजूला आपापली नावं कोरायच्या. आजीचा हब जून बावन्नचा. त्याभोवती चाक बांधलं ते आजोबांनी. आता आजोबाही नव्हते, आणि त्यातल्या बऱ्याच मैत्रिणीही.

“चला दुकानात!” हेझल म्हणाली.

“जाऊन काय सांगणार? चोर म्हणणार त्यांना?” डेलरॉयने विचारलं. “हाकलून देतील!”

“चोर नाहीत ते, आळशी आहेत. चाळीस भोकांची रिम शोधायचा कंटाळा आला असेल, म्हणून तयार चाक बसवून मोकळे झाले. जुना हब गेला असणार भंगारात. आपण भांडायला जायचंच नाही. आपण भंगार मागायला जायचं!”

मिस्टर प्रेंटिस काउंटरमागे सँडविच खात होते. ते या गावात नवे होते. ज्या बाईला आपण भलताच हब दिला, तिने तसले हजारो हब स्वतःच्या हातांनी जुळवलेत, याची त्या बापड्याला कल्पनाच नव्हती.

“आम्ही ढकलगाडी करतोय,” हेझल साळसूदपणे म्हणाली. “मोडकंतोडकं लोखंड असेल तर द्याल का?”

“मागे खोकं आहे. सगळंच न्या!” ते खुशीत म्हणाले. “माझी एक खेप वाचेल!”

“सगळंच? नक्की?”

“अगं न्या म्हटलं ना! आणि दार लावून घ्या.”

दाराबाहेर पडेपर्यंत तिघांनी हसू दाबून धरलं. खोकं इतकं जड होतं की गल्लीच्या टोकापर्यंत पोचताना त्यांनी ते चारदा खाली ठेवलं!

डेलरॉयचे बाबा बसच्या डेपोत कामाला होते. त्यांच्या शेडमध्ये सापडणार नाही असं हत्यार नव्हतं. खोक्यात पाच हब निघाले, पाचही तेलाने काळेकुट्ट. रॉकेलच्या फडक्याने तिघं घासत सुटले. प्रत्येक हबवर तो तयार झाल्याचं साल आणि महिना ठोकलेला होता.

“अठ्ठावन्न, तीन!” कॉलिन म्हणाला. “हा एकसष्ट... हा पण एकसष्ट...”

“बावन्न!” हेझल किंचाळली. “बावन्न, सहा! जून बावन्न!”

डेलरॉयने बाजूची चकती हळूहळू फिरवून सोडवली. गिअरचा गठ्ठा अलगद बाहेर आला. हेझलने रिकाम्या डब्यात बॅटरीचा उजेड पाडला, आणि तिघांचीही डोकी एकमेकांवर आपटली. आत, चकाकणाऱ्या लोखंडावर, सुईने कोरल्यासारखी बारीक अक्षरं होती!

“फ्लॉसी... डॉट... व्हेरा... मेव्हिस...” हेझल वाचत होती. पन्नास वर्षांत ही नावं कोणीच पाहिली नव्हती. तिने ती वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली.

“अगं, हे बघ,” डेलरॉय म्हणाला. तो कुत्र्यांची तपासणी करत होता. सायकल चालताना टिकटिक वाजतात ते लोखंडाचे छोटे तुकडे, त्यांना सायकलवाले कुत्रे म्हणतात. “या एका कुत्र्याची स्प्रिंग वाकलीय. दुसऱ्या हबची काढून घालतो, दोन मिनिटांचं काम!”

त्याने चिमटा उचलला. आणि हेझलने एकदम त्याचा हात धरला.

“थांब! आजी आवाजाची नक्कल कशी करायची, आठव!”

“टिक-टुक, टिक-टुक,” कॉलिन म्हणाला. “टिक-टिक नाही!”

“मग? एक कुत्रा जोरात वाजतो, एक हळू. ती वाकडी स्प्रिंग म्हणजेच आजीचा आवाज!”

डेलरॉयने चिमटा खाली ठेवला. “वाचवलंस बाई! मी सुधारायला निघालो होतो!”

शेडच्या छताला त्याच्या बाबांची चौकट तुटलेली सायकल लटकत होती. तिच्या मागच्या चाकात चाळीस स्पोक! बाबांनी हसत परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते चाक सोडवायचं आणि तेच स्पोक आजीच्या हबमध्ये ओवायचं काम चाललं. प्रत्येक स्पोक तीन स्पोकना ओलांडून रिममध्ये जायचा. भोकं मोजायचं काम अर्थातच कॉलिनचं. दुपारी चाक उभं राहिलं, आणि हवा भरायला गेले तर पंपाचं तोंडच आत जाईना! वॉल्व्हच्या बरोबर वर दोन स्पोक फुली मारून बसले होते.

“कॉलिन!!”

“मी वॉल्व्हचं भोकही मोजलं वाटतं,” कॉलिन कान पकडून पुटपुटला.

“ताटातले वाटाणे बरोब्बर मोजतोस, आणि इथे माती खाल्लीस!”

चाळीसच्या चाळीस स्पोक परत काढले! मग ओवले, मग चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला घेतला. एक स्पोक अर्धा फेरा घट्ट, समोरचा अर्धा फेरा सैल. चाक डावीकडे झोकांडी खायचं, ते उजवीकडे खायला लागलं. बोटं सोलवटली. चहाची वेळ झाली तेव्हा कुठे ते सरळ फिरलं.

“आजोबांनी पाहायला हवं होतं,” हेझल म्हणाली.

रविवारी रेमंडमामा आजीकडे आला. सायकल खरेदी करणारा माणूस दुपारी येणार, असं त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. आजी ओट्याकडे तोंड करून केटलीत पाणी भरत होती.

“आई, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. तुला आता चाकं ओळखू...”

मागच्या दारात डेलरॉयने सायकलीचं मागचं चाक उचललं. हेझलने पेडल एकदा फिरवून सोडून दिलं.

टिक-टुक, टिक-टुक, टिक-टुक...

आजीचा हात नळावरच थांबला. केटली भरून वाहायला लागली. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“आलं,” ती म्हणाली. “माझं चाक आलं!”

“आई, कुठलीही सायकल अशीच वाजते!”

“मामा, हा कागद धर,” हेझलने वहीचं पान त्याच्या हातात दिलं. “हबच्या आत कोरलेली नावं आहेत. आजीला दाखवू नकोस. आजी, सांग!”

“फ्लॉसी,” आजी नळ बंद करत म्हणाली. “मग डॉट. मग व्हेरा, तिने आपलं नाव उलटं कोरलं कारण ती पलीकडे बसायची. शेवटी मेव्हिस. आणि स्प्रिंग वाकवली ती फ्लॉसीने. हसता हसता वाकवली गं बाई! बदलू दिली नाही मी. अजूनही भेटली की त्यावरून चिडवते तिला!”

मामा कागद पाहत राहिला. त्यावर व्हेराचं नाव खरंच उलटं लिहिलेलं होतं. त्याचे कान लाल झाले.

“आई,” तो म्हणाला, “चुकलं माझं. तुझं डोकं माझ्यापेक्षा धड आहे.”

“ते मी तू शाळेत होतास तेव्हापासून सांगतेय!” आजी म्हणाली, आणि सगळं स्वयंपाकघर हसायला लागलं. सायकलीच्या गिऱ्हाइकाला मामानेच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि लिंकनचं नावही पुन्हा काढलं नाही.

सोमवारी ते तयार चाक घेऊन आजी स्वतः दुकानात गेली. मिस्टर प्रेंटिस तोंड उघडणार, तोच तिने भंगारातले चार हब काउंटरवर मांडले, त्यांच्याच हत्यारांनी एक खोलला आणि बघता बघता परत जुळवला. मिस्टर प्रेंटिसनी पैसे परत दिले, दोनदा माफी मागितली, आणि मग चाचरत विचारलं, “बाई, शनिवारी... मला शिकवाल?”

“शिकवीन. पण चाकं ही पोरं बांधतील,” आजी म्हणाली. “तीस वर्षं मी चाकं पाहिली. माझ्या नवऱ्यानंतर इतकं सरळ चाक मला कोणी दिलं नव्हतं.”

डेलरॉयने लाजून ग्रीसचे हात पाठीमागे लपवले. आजी मात्र दारातून बाहेर पडलीसुद्धा, आणि सायकलवर टांग टाकून उतारावरून सुटली. ती दिसेनाशी झाली तरी टिक-टुक, टिक-टुक ऐकू येत होतं.

“आजी गेली कुठे?” कॉलिनने विचारलं.

“फ्लॉसीकडे,” हेझल म्हणाली. “तिला आवाज ऐकवायला!”