उसना पट्टा

इलारिया आपासाने पट्ट्याची घट्ट गुंडाळी केली, ती पांढऱ्या फडक्यात बांधली आणि स्वेटरच्या आत पोटाशी सरकवली. मग गाडीच्या टाकीवर बोटानं क्रूस काढला, पुढच्या चाकावर दारूचे चार थेंब शिंपडले आणि किक मारली. लांबच्या वाटेला निघताना ती नेहमी असंच करायची. कुमारी मातेचं तिला, धरतीमातेचं तिला. कुणाला उपाशी ठेवून घर सोडायचं नाही.

नवऱ्यामागं घरात दोनच वस्तू चालत्या उरल्या होत्या, एक हातमाग आणि दुसरी ही चिनी मोटरसायकल. गाडीला ती खेचर म्हणायची. सुरुवातीला गावातल्या बायका शालीआड तोंड लपवून हसल्या. घेरदार घागरा, पाठीवर दोन वेण्या, गोल टोपीच्या जागी हेल्मेट, आणि बुडाखाली फटफटी! पण विणलेला माल त्याच फटफटीवर लादून इलारियानं कामार्गोच्या द्राक्षमळ्यांपासून मिठाच्या मैदानापर्यंतचे सगळे आठवडी बाजार एकटीनं पालथे घातले, तेव्हा हसणाऱ्याच बायका "माझंही एक घोंगडं ने गं" म्हणत दारात येऊ लागल्या.

या वेळी मात्र विकायला काही नव्हतं. डोंगरापलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर, कोल्पामायूत तिच्या लेकीचे, येनीचे, दिवस भरत आले होते. येनीचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. त्या दिवशी इलारिया कुमारी मातेपुढं गुडघे टेकून बोलली होती, "आई, पुढचं बाळ जिवंत दे. त्याला मी माझ्या हातानं विणलेला पट्टा माझ्या हातानं गुंडाळीन. तोवर मीठ नाही, मिरची नाही." आणि तेव्हापासून उकडलेला मका अळणीच खात तिनं तो पट्टा विणला. लाल, हिरवा, मध्ये पांढऱ्या पाखरांची रांग. तान्ह्याला छातीपासून पायापर्यंत आवळून बांधायला हवं, नाहीतर त्याचा जीव दचकून निसटतो. म्हणून चांगला लांब विणला होता, दोन वळसे जास्तीचे पडतील असा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमरस्त्यावर रस्ता रोको लागला. दगड, जळके टायर, आणि आडव्या दोरीमागं कोकाची पानं चघळत बसलेली माणसं.

"कुठं मावशी, शर्यतीला?" दोरीपाशी बसलेल्या एकानं विचारलं.

"लेकीच्या बाळंतपणाला. सोड की दोरी."

"माझी असती तर सोडली असती. दोरी संघटनेची आहे."

"अरे, मोटरसायकल म्हणजे काय ट्रक आहे का?"

"ट्रक असता तर बरं होतं. निदान बटाटे तरी उतरवून घेतले असते." सगळे हसले. तो उठून वाटी घेऊन आला. "शेंगदाण्याचं सूप घ्या. गरम आहे."

"मीठ घातलंय ना?"

"बिनमिठाचं माझी बायको करते, रागावली की."

"मग राहू दे, बाबा. नवस आहे."

त्यानं वाटी खाली ठेवली. मग हळूच डोंगराकडं हनुवटी केली. "जुना घाट आहे की. बस जात नाही आता, पण तुमचं हे कोकरू जाईल. पायथ्याचा दगड तेवढा विसरू नका."

"मला शिकवतोस? तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी दगड वाहतेय."

खरंच होतं ते. त्या मुलखात घाट चढणारा प्रत्येक जण पायथ्याशी एक दगड उचलतो, तो वरपर्यंत नेतो आणि घाटमाथ्यावरच्या राशीवर ठेवतो. चढताना जो शीण होतो तो त्या दगडात उतरतो. दगड ठेवला की शीण तिथंच राहतो आणि माणूस हलका होऊन खाली जातो. आजवर इलारिया रिकाम्या हातानं कधी चढली नव्हती.

पण पायथ्याशी पोचते तोच फोन वाजला. जावई होता, फेर्मिन.

"आई, कळा सुरू झाल्या. पाऊलिना सुईण आली आहे. येनी सारखी तुम्हालाच हाक मारतेय... पट्टा आणताय ना? ती म्हणते, पट्टा नाही आला तर हेही बाळ..."

फोन तुटला. पुन्हा लागेना. इलारियानं खेचराला टाच मारावी तशी किक मारली आणि घाट धरला. दगडाची आठवणसुद्धा झाली नाही.

माथ्यावर वारा पडलेला होता. दगडांची रास माणसाहून उंच, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिच्या फटींत सुकलेली कोकाची पानं, लोकरीचे धागे, रिकाम्या बाटल्या. इलारिया सवयीनं थांबली, हातमोजा काढला, आणि रिकामा तळहात बघत राहिली.

आसपास एक खडा नव्हता. इतक्या वर्षांत पायथ्याचा दगड विसरून आलेल्यांनी तिथली जमीन झाडून नेल्यासारखी साफ केली होती. परत पायथ्याशी जायचं तर दिवस मावळणार. तसंच पुढं जावं तर मन धजेना, पोटाशी पट्टा होता. मग तिला एक सोपी वाट सुचली. ती राशीच्या बुडाशी वाकली आणि एक काळसर, लांबट दगड ओढून काढला. पावाएवढाच, पण हाताला भलताच जड. तो तिनं राशीच्या माथ्यावर ठेवला.

"आई, आजच्यापुरतं चालवून घे," ती पुटपुटली. "परतताना दोन आणीन."

राशीच्या पोटात काहीतरी सरकलं. झोपेत कुणी कूस बदलावी, तसं.

उतार लागला आणि धुकं आलं. डोंगरात धुकं येतंच, त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते गाडीचं. खेचर जड झालं होतं. मागची स्प्रिंग दबली होती, वळणावर गाडी मागून ओढ घेत होती. टायर बसला असेल म्हणून ती उतरली. टायर दगडासारखा टणक. पुन्हा बसली तेव्हा वास आला, ओल्या लोकरीचा आणि त्याखाली आंबलेल्या दुधाचा.

ती उतरतच राहिली. एक वळण, मग दुसरं. मग रस्ता सपाट झाला, आणि धुक्यातून समोर काहीतरी काळं, उंच उभं राहिलं.

रास होती.

"वळण चुकलं असेल," ती स्वतःला मोठ्यानं म्हणाली. घाटाला एकच रस्ता होता, हे तिला ठाऊक होतं. ती पुन्हा निघाली. या वेळी दरीची बाजू डाव्या हाताला धरून, पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीला घासत. उतार लागला. उतार संपला. रास समोर. मग तिनं गाडी उलटी वळवली आणि आल्या वाटेनं पायथ्याकडं निघाली. सूप देणारी ती माणसं, तो जळक्या टायरांचा धूर, तेही चाललं असतं आता. पण तिकडूनही रासच आली. पुढं गेली तरी रास, मागं वळली तरी रास. ओल्या मातीत तिच्याच चाकाचे माग एकावर एक पडत चालले होते, आणि टाकी हलवली की पेट्रोलचा आवाज पातळ येत होता.

इंजिन बंद केलं. शांतता एवढी होती की पोटाशी धरलेल्या फडक्याची सळसळसुद्धा ऐकू यावी. आणि त्या शांततेत तिला कळलं, आपण काय केलं ते. तो दगड होता कुणाचा तरी. कुणाचा तरी शीण त्यात झोपला होता.

तिनं राशीच्या माथ्याकडं पाहिलं. काळा दगड तिथं नव्हता.

तो गाडीच्या मागच्या सीटवर होता. सीट त्याच्याखाली खोल दबली होती.

तिनं तो उचलला आणि राशीच्या बुडाशी नेला. मगाची जागा मिटली होती. वरचे दगड खाली बसून जबडा मिटावा तशी फट बंद झाली होती. तिनं नखांनी उकरलं, दगड आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. जाईना. शेवटी तो छातीशी धरून ती गाडीवर येऊन बसली. कुमारी मातेची प्रार्थना सुरू केली, ती अर्ध्यावर अडली.

मागची स्प्रिंग सावकाश दबली.

"कोण... कोण आहे?"

मग कानाशी, दमलेल्या बाईचा आवाज.

"टेकले होते गं मी... तू उठवलंस."

"चुकलं माझं, बाई. ठेवायला गेले, पण जागाच..."

"आता नाही झोप यायची... खाली ने."

"खाली कुठं?"

"कुठंही. चूल असेल तिथं... याला गारठा लागलाय."

"याला म्हणजे?"

इलारियाच्या पाठीशी, खांद्याच्या थोडं खाली, काहीतरी कुईं करून रडलं. मांजराचं पिल्लूही त्याहून मोठं रडतं.

"गुंडाळायला काही नाही राहिलं... सगळं वाऱ्यानं नेलं."

इलारियाचा हात आपोआप पोटाशी गेला. नाही, हा नाही. हा येनीच्या बाळाचा. यातल्या एकेका पाखराला एकेका अळणी घासाचं मोल होतं. हा दुसऱ्या अंगाला लागला तर नवसाचं काय? आणि हातचा गेला, आपण खाली पोचलो आणि तिथं बाळ उघडंच असलं, तर?

मागं ते पुन्हा रडलं. या वेळी अगदी हळू. येनीच्या पहिल्या बाळाला एवढंसुद्धा रडायला मिळालं नव्हतं.

इलारियानं फडकं सोडलं आणि मागं न बघता, खांद्यावरून पट्टा पुढं केला.

"उसना देते हं," ती म्हणाली. "माझ्या नातवंडाचा आहे. खाली पोचलं की परत हवा. शब्द दे."

"बाईचा शब्द... बाईला."

पट्टा हातातून गेला. बोटं लागली नाहीत, बोटांच्या जागची थंडी लागली. मग मागं कापड कापडावर घासल्याचा आवाज येत राहिला. वळसा, आणखी एक वळसा, शेवटी टोक खोचलं. रडणं थांबलं. गाडीचा आरसा आतून कुणी फुंकर मारावी तसा धुरकट झाला होता. इलारियानं तो पुसला नाही. काळा दगड तिनं आपल्या शालीत बांधून पुढं मांडीवर घेतला. त्या घाटानं दगड वर नेणारे हजार असतील, खाली आणणारी कदाचित तीच.

एक वळण आलं. मग दुसरं. मग तिसरं आलं, आणि धुकं फाटून खाली धुराची एक रेघ दिसली.

रस्त्याकडेच्या पहिल्या घरापाशी मातीची पावभट्टी होती, नुकतीच विझलेली. इलारियानं गाडी थांबवली. दगड भट्टीच्या भिंतीला, उबेत टेकवून ठेवला.

"पोचलीस, बाई. शेक आता सावकाश."

स्प्रिंग वर आली. बऱ्याच वेळानं तिनं मान वळवली. सीटवर पट्टा होता. तान्ह्याला बांधतात तसा बांधलेला, छातीशी रुंद, पायाशी निमुळता, टोक नीट खोचलेलं. आत कुणी नव्हतं. तिनं आत हात घातला, तर ऊब होती.

येनीच्या घरी पोचली तेव्हा दिवस मावळून गेला होता. पाऊलिना सुईण दारातच उभी.

"आलात एकदाच्या! पोरगी झालीय. आजीसारखीच दिसते, एका जागी ठरत नाही. द्या पट्टा."

"मी गुंडाळते," इलारिया म्हणाली.

येनीनं बाळ पुढं केलं. लालभडक, मुठी आवळलेलं, जिवंत. इलारियाचे डोळे वाहू लागले. तिनं गुंडाळायला घेतलं. छाती, पोट, मांड्या... आणि गुडघ्यापाशीच पट्टा संपला.

"माप चुकलं होय?" सुईण म्हणाली. "एवढासा जीव, आणि पट्टा पुरेना. एकीला गुंडाळताय की दोघांना?"

येनी हसली. इलारियाला हसता आलं नाही. सोडून पुन्हा गुंडाळला, पुन्हा गुडघ्यापाशीच संपला. त्या रात्री जावयानं मिठाचं सूप पुढं ठेवलं. कितीतरी महिन्यांनी जिभेला मीठ लागलं, आणि ती कुमारी मातेचे आभार मानत वाटी संपवून झोपली.

दुसऱ्या दिवशी उठून तिनं लेकीच्या अंगणात माग रोवला. दुसरा पट्टा विणला, तसाच, पाखरांचा. तो चुलीजवळच्या खुंटीला अडकवला, त्याच दिवसापासून पहिला पट्टा नातीला पुरू लागला, दोन वळसे जास्तीचे पडून. नात बाळसेदार झाली. कुणी नसलेल्या कोपऱ्याकडं बघून खुदकन हसते, पण लहान मुलं हसतातच.

दुसरा पट्टा इलारिया रोज रात्री मोकळा सोडून ठेवते. रोज सकाळी, जाळ घालण्याआधी, तो खुंटीखाली गुंडाळलेला असतो, छातीशी रुंद, पायाशी निमुळता, आणि आत ऊब. ती घाबरत नाही. "झोप झाली का रे?" म्हणते आणि कामाला लागते.

परवा नातीला नवा अंगरखा शिवायला घेतला. माप घ्यायला रांगती नात हाती लागेना. म्हणून इलारियानं सहज, मनात काही न आणता, त्या रिकाम्या पट्ट्याच्या आतल्या पोकळीला दोरी लावून पाहिली. मग नातीलाही लावली.

दोरी दोन्हीकडं तंतोतंत बसली. महिन्यामागं ती पोकळी वीतभरही नव्हती.