पाठीवरची चंद्रकोर

फोन आला तेव्हा उपनिरीक्षक विनया दळवी मानेला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती.

"मॅडम, विरारला त्या मणक्यांच्या डॉक्टरणीच्या क्लिनिकची काच फोडलीय," हवालदार सुरज घाईघाईने सांगत होता. "वटार गावची माणसं आहेत. तिला बाहेर काढा म्हणतायत. पेशंटचे दोन्ही हात गेले."

"गेले म्हणजे?"

"हलतच नाहीत. काल संध्याकाळी हिने मान मोडली, आज सकाळी हात लुळे."

विनयाने पिशवी भिरकावली. ती डॉक्टरीण म्हणजे फेलिशिया. कायरोप्रॅक्टिक शिकायला परदेशी गेलेली, हातांनी मणके मोकळे करणारी. मानेतून बोटांपर्यंत जाणाऱ्या कळेने विनयाची झोप उडवली होती, ती झोप फेलिशियाच्या उपचारांनीच परत आली होती. आज मात्र दुखणं पुन्हा उसळलं होतं. मान वर करायची म्हटली की डोळ्यांत पाणी येत होतं.

ठाण्यातल्या मोठ्या साहेबांनाही हे माहीत होतं.

"तू तिची पेशंट आहेस, विनया. तुझं मत मला नको, पुरावा आण. संध्याकाळी मी तिला अटक करणार."

"साहेब, अटक झाली तर तिच्याकडे पुन्हा कोण येईल?"

"आणि नाही केली तर लोक क्लिनिकच जाळतील. जा."

फेलिशिया आतल्या खोलीत काचांच्या ढिगाशेजारी बसली होती.

"रामनाथ चोरघेंच्या मानेला तुम्ही काय केलंत?" विनयाने विचारलं.

"काहीच नाही. एमआरआय बघितला आणि हात मागे घेतला. मानेतली जागा इतकी अरुंद होती की आत मज्जारज्जू चेपलेला. अशा मानेला मी बोट लावत नाही. सर्जनकडे जा म्हटलं. मान वर करून काम नको, मालिश नको, झटका तर अजिबात नको."

"ते काय म्हणाले?"

"चिडले. हात न लावता कसली डॉक्टरीण, म्हणाले आणि तणतणत गेले."

"हे ऐकायला कोण होतं?"

"त्यांची सून, स्वप्नाली. तिला मी पुन्हा वेगळं बजावलं होतं."

"ती म्हणते, तुम्ही कडकन मान मोडलीत."

फेलिशियाने तोंडावर हात घेतला. "मॅडम, न केलेल्या गोष्टीचा पुरावा मी कुठून आणू?"

बाहेर घोषणा वाढल्या होत्या. विनयाने दाराशी दोन शिपाई उभे केले आणि जीप हॉस्पिटलकडे घ्यायला सांगितली. प्रत्येक खड्ड्याला ती मान धरत होती.

"रागावू नका मॅडम," सुरज म्हणाला, "पण यापेक्षा गावाकडचा एखादा पायाळू गाठा. पाठीत एक लाथ बसली की उसण गायब!"

विनयाने अख्खं अंग वळवून त्याच्याकडे पाहिलं. सुरजने नजर रस्त्याकडे वळवली.

हॉस्पिटलात सर्जन जिन्यातच भेटले.

"पाय चालतात, हात नाहीत. आधीच अरुंद असलेली मान मागे जोरात झटकली गेली की असं होतं."

"झटक्यानंतर हात किती वेळाने जातात?"

"बहुतेक वेळा तिथल्या तिथे. आणखी एक, पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध ताजा वळ आहे. बारीक, वाकडा, चंद्रकोरीसारखा. तो कशाचा ते मला सांगता येत नाही."

रामनाथ मानेला पट्टा बांधून पडला होता. हात चादरीवर नुसते ठेवल्यासारखे होते. उशाशी मुलगा संकेत उभा होता, तळहाताला पट्टी गुंडाळलेली. काच कुणी फोडली ते विचारायची गरज नव्हती. सून स्वप्नाली कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसली होती.

"काका, काल क्लिनिकमध्ये काय झालं?"

"तिनं मान मोडली. आवाज झाला."

"हात कधी गेले?"

"रातभर मुंग्या येत होत्या. सकाळी डोळे उघडले तर हात न्हवतेच. अंथरुनातून उठवायला सूनबाई आली."

"पाठीवर वळ कसला आहे?"

रामनाथचे डोळे क्षणभर दुसरीकडे गेले. "खाटेचा असंल."

"आमच्या बाबांचीच काय उलटतपासणी?" संकेत उसळला. "तिला धरा आधी!"

विनयाला त्याच्या तोंडाकडे बघायचं होतं, पण मान वर जाईना. नजर फरशीवरच राहिली. तिथे स्वप्नालीचे पाय होते. डाव्या पायात चांदीचं जोडवं. उजव्या पायाच्या बोटावर नुसता फिकट पांढरा पट्टा.

"एक जोडवं कुठे गेलं?"

स्वप्नालीने पाय मागे ओढले. "धावपळीत पडलं असेल, मॅडम."

वटारला चोरघ्यांच्या वाडीत सोनचाफ्याचा वास भरून राहिला होता. मागच्या पायरीजवळ फुलांची टोपली तशीच पडलेली, फुलं अजून बऱ्यापैकी टवटवीत. बाजारात कुणी नेलीच नव्हती. कुंपणापलीकडे शेजारी आग्नेल केळीची सुकलेली पानं कापत होता.

"ही फुलं कुणी काढली?" विनयाने विचारलं.

"रामनाथनं. आज फटफटलं तवा."

"तुम्ही स्वतः बघितलंत?"

"बघितलं, ऐकलं पन. बांबूची आकडी घेऊन वरची फुलं ओढत होता. मान वर केली की कन्हायचा, पन फूल सोडील तर शपथ."

"दोन्ही हातांनी?"

"आकडी काय एका हातानं चालते, बाय?"

अंथरुणातच हात गेलेला माणूस आकडी घेऊन चाफा काढत होता! पण मग खोटं का? ते कुणाच्या भल्यासाठी?

तिची नजर पायरीपलीकडच्या बोअरकडे गेली. "नवी दिसते."

"ती सुनेनं दाखवलेली जागा. तिच्या माहेरी, होळी गावात, विहिरीची जागा पन तिनंच दाखवलेली, पोर असताना. इकडे सगळीकडं कोरडं लागलं, तिनं बोट ठेवलं तिथं पानी."

"पाणी शोधायचं शिकलीय कुठे?"

"शिकते कशाला?" आग्नेल हसला आणि लगेच सावध झाला. "ती त्यांच्या घरातली गोष्ट. मला नका इचारू."

विनया पायरीवर टेकली. पाठ दाराकडे, तोंड अंगणाकडे. मग एकदम उठली आणि सुरजला म्हणाली, "चल. साहेबांना हॉस्पिटलात बोलाव."

साहेब रामनाथच्या खोलीत आले. खाली जमाव होता. जमावासमोर पोलीस गाडी, आणि गाडीत फेलिशिया, डोकं खाली घालून.

"बोल," साहेब म्हणाले. "माझ्याकडे वेळ नाही."

"साहेब, फेलिशियाने मानेला हात लावला असता ना, तर काका काल समाधानाने झोपले असते. तिने हात लावला नाही, म्हणून हे सगळं झालं."

"म्हणजे?"

"इलाज न मिळाल्याने काका रागात घरी आले. सकाळी मान वर करून चाफा काढला. शेजाऱ्याने पाहिलंय, दोन्ही हात शाबूत होते. कळ असह्य झाली. मग दुसरा इलाज आठवला, घरातलाच."

"कसला इलाज?"

"माझा मामा पायाळू होता, पायाकडून जन्मलेला. आमच्या गावात उसण भरली की माणसं त्याच्याकडे पाठ करून उंबऱ्यात बसायची आणि तो लाथ मारायचा. विहिरीची जागा दाखवायलाही त्यालाच न्यायचे. पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं म्हणतात ना. वटारची बोअर आणि होळी गावातली विहीर एकाच व्यक्तीने दाखवलीय."

विनया रामनाथच्या खाटेकडे वळली.

"काका मागच्या पायरीवर बसले. लाथ पाठीत बसली, धड पुढे गेलं, मान मागे झटकली. हात तिथल्या तिथे गेले. वळ मानेवर नाही, पाठीवर आहे. त्याचा आकार अर्ध्या जोडव्याचा आहे. आणि ते जोडवं आज सकाळपासून बोटात नाही."

"खोटं हाय!" रामनाथ ओरडला. "सूनबाईचं नाव घेऊ नका! डॉक्टरणीनंच केलं!"

"काका, खाली एक निरपराध बाई गाडीत बसलीय."

"माझे हात गेले, माझं मी बघीन! पन सुनेनं सासऱ्याला लाथ मारली असं गावानं म्हनायचं? तिनं त्या गावात तोंड कसं दाखवायचं? मीच सांगितलं तिला. ती नको म्हनत होती. मीच—" आणि आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं.

संकेतने पट्टी बांधलेला हात पाठीमागे नेला.

स्वप्नाली उठली. ओढणीच्या गाठीतून जोडवं काढून तिने विनयासमोर धरलं.

"मी मारली लाथ. डॉक्टरांनी बजावलं होतं, झटका नको. मला सगळं ऐकू आलं होतं. पण बाबा रडत होते, मॅडम. एवढा मोठा माणूस पायरीवर बसून रडत होता. म्हणाले, तुझ्या पायाने पाणी लागतं, माझी कळ नाही का जाणार? मलाही वाटलं, जाईल." ती थांबली. "लाथेचं मी एक वेळ विसरेन. डॉक्टरांवर खोटं घातलं, ते मात्र मला विसरता येणार नाही. खाली चला. सगळ्यांसमोर सांगते."

साहेबांनी फोन लावला. "डॉक्टरांना गाडीतून उतरवा. नीट, मानाने."

स्वप्नाली दाराकडे वळली.

"पोरी," रामनाथने हाक मारली.

तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्याने हात उचलायचा प्रयत्न केला. खांदा थोडा हलला, चेहरा घामाने भिजला, हात चादरीवरच राहिला. स्वप्नाली परत आली, खाटेजवळ खाली बसली आणि तिने आपलं डोकं त्याच्या तळहाताखाली सरकवलं.