या एकदा घरी

ज्यांना भुताखेतांची थट्टा करायची असेल, त्यांनी इथूनच मागे फिरावं. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडलंय. शिकागोजवळ शॉमबर्गला, मागच्या नोव्हेंबरात. दारावरचं रक्त मी स्वतः पुसलंय. त्यामुळे "खरं का गं?" असं विचारू नका, डोकं फिरतं माझं.

गुरुनाथकाका म्हणजे मावशीचे यजमान. पूल बांधणारे इंजिनिअर, आता रिटायर्ड. अर्धं आयुष्य अमेरिकेत गेलं, पण दोन खोडी काही गेल्या नाहीत. एक, भेटेल त्याला "या एकदा घरी" म्हणायचं. पोस्टमनलासुद्धा! दुसरी, लेकीच्या मागे लागायचं, "नीलू, घरात मराठी बोल."

नीलांबरी इथेच जन्मली. तिला कळायचं सगळं, पण उत्तर इंग्लिशमधून. 'बाबा' एवढा एकच शब्द मराठी.

ती आर्किऑलॉजिस्ट. शॉमबर्गहून तीनेक तासांवर, नदीकाठच्या मक्याच्या शेतात तिचं उत्खनन चाललं होतं. कोलंबस यायच्या कितीतरी आधीचं, इथल्या मूळ लोकांचं गाव. भोवती खंदक, खंदकाच्या आत लाकडी ओंडक्यांचा तट, तटाला एकच दरवाजा. आणि अख्खं गाव एका हल्ल्यात जळलेलं.

मावशी पुण्याला लग्नाला गेली होती. घरी एकटे बसून काय करणार, म्हणून काका शनिवारी लेकीबरोबर साईटवर गेले.

दुपारी, दरवाज्याच्या जागी माती खरवडताना हाडं लागली.

एका माणसाची नाही... बऱ्याच जणांची.

सगळी दरवाज्याच्या बाहेरच्या अंगाला, एकावर एक. हातांची हाडं तुटलेली, कारण माणसांनी कुऱ्हाडीचे घाव हातांवर झेलले होते. कवट्या मागून फुटलेल्या.

"दे वर लॉक्ड आउट, बाबा," नीलांबरी हळूच म्हणाली.

शेतातून, नदीवरून जीव घेऊन पळत आलेली ही गावचीच माणसं. आतल्यांनी भीतीनं दार लावून घेतलं. हे बाहेरून दार बडवत राहिले, आणि मागून मारेकरी आले. त्यात एक तरुण मुलगी होती. तिची बोटं अजून दाराच्या जळक्या लाकडाला टेकलेली होती.

काकांना भडभडून आलं. "अरे देवा! आपल्याच माणसांनी दार उघडलं नाही?"

काम तिथेच थांबलं. हाडं सापडली की थांबावंच लागतं, त्यांच्या वंशजांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नीलांबरीनं माती हलकेच परत लोटली आणि सगळे गाड्यांकडे निघाले. काका मागे रेंगाळले. खंदकाच्या काठावर उभे राहून त्यांनी हात जोडले, आणि सवयीनं बोलून गेले.

"येतो हं. या एकदा घरी."

वारा पडलेला होता...

तरी खंदकातलं वाळलं गवत पलीकडून वाकत वाकत काकांच्या पायांपर्यंत आलं.

"बाबा! डोन्ट इन्व्हाइट देम!" लांबून नीलांबरी हसत ओरडली. काकाही हसले. हसायला काय जातंय!

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. हिवाळ्यासाठी इथे घड्याळं तासभर मागे केलेली, त्यामुळे पाचच्या आतच अंधारायचं. आई नाही म्हणून नीलांबरी बाबांकडे राहायला आली होती. संध्याकाळी ती घरामागच्या तळ्याभोवती पळायला गेली. किल्ली घेतली नाही, फोन चार्जिंगला ओट्यावर. काका पिठलं ढवळत होते.

ठक.

पुढच्या दारावर.

"कोण?"

काकांनी दाराशेजारच्या काचेतून बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. पण पायपुसण्यावर ओला काळा चिखल होता... आणि जळक्या लाकडाचा वास.

मग धाडधाड सुरू झालं.

पुढचं दार, गॅरेजचं दार, मागची सरकती काच. एक हात नाही, शेकडो. तळवे, मुठी, नखं. काचेवर चिखलाचे पंजे उमटत होते आणि पंज्यामागे माणूसच नव्हता. बायका रडत होत्या, पोरं किंचाळत होती. भाषा कळत नव्हती, पण मागणं कळत होतं. आत घ्या. आम्हाला आत घ्या.

काकांना खंदकाकाठचे आपले शब्द आठवले. आपणच बोलावलं होतं. ते आले होते.

आणि त्यांच्या मागून, तळ्याकडून... जड पावलं.

खच्च.

ओल्या लाकडात कुऱ्हाड बसावी तसा आवाज. एक किंकाळी मध्येच तुटली. परत खच्च. परत. काचेवर रक्ताचा फवारा आला, धडपडणाऱ्या हातांनी तो पुसला गेला, आणि काच परत लाल झाली.

"नीलू!" काकांना एकदम आठवलं. नीलू बाहेर आहे!

ते दाराकडे धावले. कडीवर हात ठेवला...

"बाबा! दार उघडा ना! मला मारतायत हो, बाबा!"

काकांचा हात जागच्या जागी थिजला.

आवाज नीलांबरीचा. पण मराठी? इतकं स्वच्छ? त्यांची नीलू असं बोलत नाही. कधीच बोलली नाही.

"नीलू, इंग्लिशमध्ये बोल!" ते ओरडले. जन्मभर मराठी बोल म्हणून मागे लागलेला माणूस!

"तुमच्या पाया पडते बाबा, उघडा!"

काकांनी कडी दोन्ही हातांनी दाबून धरली. "तू माझी नीलू नाहीस! जा इथून!"

खच्च.

दाराला टेकून कुणीतरी घसरत खाली गेलं. मग सगळं शांत.

दाराखालून रक्त आत आलं. ऊन ऊन. काकांचे मोजे भिजले.

त्यांनी दार उघडलं. पायरीवर नीलांबरी पडली होती. दोन्ही हात मोडलेले, डोकं मागून फुटलेलं, बोटं चौकटीला टेकलेली. श्वास चालू होता. आसपास कुणी नाही, चिखलाचा थेंब नाही.

काकांनी फोडलेला हंबरडा मी फोनवर ऐकला. पुढच्याच गल्लीत राहते मी, अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी पोचले. पोलिसांनी दारावरचा कॅमेरा बघितला. त्यात नीलांबरी एकटीच. दार बडवते, हात वर करते, पडते. मारणारा नाहीच.

ती वाचली. मावशी पुण्याहून तातडीनं परतली. पण काका भिंतीवर कपाळ आपटून घ्यायचे. "आयुष्यभर म्हटलं मराठी बोल. बोलली, तेव्हा मीच दार लावून धरलं गं!"

"घाबरलेल्या लेकराला आईचीच भाषा आठवते, काका," मी म्हणायची. दुसरं काय बोलणार?

जानेवारीत नीलांबरी हॉस्पिटलातून घरी आली. तेव्हापासून फक्त मराठी बोलते. डोक्याला मार लागला की असं होऊ शकतं, म्हणे. एकही इंग्लिश शब्द नाही, फ्रीज म्हणतानासुद्धा अडखळते. आणि दिवस मावळला की घरभर फिरून प्रत्येक कडी तपासते.

मागच्या आठवड्यात मी तिथे जेवायला होते. बाहेर अंधारून आलं होतं. नीलांबरी काकांना भात वाढत होती.

ठक.

आम्ही सगळे दाराकडे बघायला लागलो.

बाहेरून नीलांबरीचा आवाज आला. रडून रडून बसलेला.

"बाबा? इट्स मी. आय अ‍ॅम सो कोल्ड. प्लीज ओपन द डोअर."

मावशीच्या हातातली वाटी पडली. काका ताडकन उठले. नीलांबरीनं त्यांचं मनगट धरलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"उघडू नका, बाबा," ती म्हणाली. "बसा. भात निवतोय."

काका त्या दिवशी उघडायला गेले नाहीत, आणि बसलेही नाहीत. आता रोज संध्याकाळी ते दाराशी उभे असतात, कडीवर हात ठेवून. आत एक लेक, बाहेर एक. मला रडत विचारतात, "तू सांग गं, माझी कुठली?"

मला काय माहीत हो!